तड्यातली विभूती

लोहारा,
१७ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षभावजी यांना शिवकांतावहिनीचे शरणु शरणार्थी.

आम्ही इथं ठीक आहोत. तुम्ही कसे आहात ते विचारायची सोय तुम्हीच ठेवली नाही. फोन लावला की कापता. म्हणून हा कागद. तुमचा हैदराबादचा पत्ता तुमच्या दोस्ताकडून, वैजनाथकडून काढून घेतला. तो बिचारा द्यायला तयार नव्हता, मीच त्याला चहा पाजून शपथ घातली, तेव्हा त्याच्यावर रागावू नका. पत्र काही फोनसारखं कापता येत नाही. फार तर न वाचता ठेवाल, पण ते खोलीत तुमच्यासोबत राहील.

इकडं पाऊस हटायला तयार नाही. आज मुक्तिदिनाचं झेंडावंदन भर पावसात झालं. तुमचे अप्पा इस्त्रीची टोपी घालून गेले आणि चिंब होऊन आले. आता आल्याचा काढा पीत बसलेत आणि त्यात गूळ कमी म्हणून माझ्यावर डाफरतायत. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. दुकान सुरू आहे. लहान पोरांच्या सायकली आणि पंक्चर, एवढ्यावरच सुरू आहे म्हणा.

बरं. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. ह्यांच्या बॅटरीवरच्या सायकलीच्या वॉरंटीचा दावा मंजूर झाला. नवी फ्रेम आली आहे. खोकं दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलंय, अजून फोडलेलं नाही.

वहिनीला वेड लागलं असं तुम्ही म्हणाल. ज्या सायकलीनं नवरा नेला तिची कसली वॉरंटी मागते ही बाई? अप्पाही तेच म्हणाले होते. "ती इस्त्वाची काडी हाय घरात, भंगारात घाल," म्हणाले. पण भंगारात त्यांच्यानंही घालवली नाही. सायकल तिथंच होती, जुन्या चादरीखाली. चादरीतून हँडल वर आलेलं असायचं आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन कुणी उभं आहे असं वाटायचं. झाडायला गेले की मी तिच्याकडं पाठ करायची नाही.

आणि आवाज. हे तुम्हालाच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी हे बोळात वळले की मोटरचा तो बारीक घूं आवाज यायचा, आठवतो? तो मला ऐकू यायचा. बॅटरी मी काढून कपाटात कुलूप लावून ठेवली होती, तरी यायचा. एकदा ट्यूब घासता घासता अप्पाही थांबले आणि बोळाकडं बघत राहिले. मी काही विचारलं नाही. मग ते परत ट्यूब घासायला लागले.

भावजी, तुम्ही गेलात तो दिवस मला विसरता येत नाही. अंत्यविधीला आलेले पाहुणे अजून अंगणात होते. सायकल कुणीतरी टेम्पोत घालून आणली होती. खालची नळी मोटरपाशी फाटलेली आणि वरच्या नळीनं कशीबशी धरलेली. अप्पांनी वाकून बघितलं, बोट लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पडल्याबिगर फ्रेम तडकत न्हाय. जल्म गेला माजा ह्याच्यात." बस्स, एवढंच. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण दिवाळीत ही सायकल माळावर नेऊन कोण उड्या मारत होतं आणि कोपर सोलून हसत हसत कोण घरी आलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाडव्याला तुम्ही पडलात. भाऊबीज झाली आणि हे खाणीकडच्या उतारावरून परत आलेच नाहीत. लोकांनी दोनात दोन मिळवले.

तुम्ही माझ्याकडं बघितलं होतं. मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी रडत होती. मी रडत नव्हते, भावजी. मला तुमचा राग आला होता. इतका की तुम्ही पिशवी उचलून निघालात तेव्हा थांबा म्हणावं असं मनातही आलं नाही. तो राग मी हिवाळाभर पोसला. पण एकटीनं राग पोसणं जड जातं, आणि मला खात्री तर कुठं होती? हे पडले म्हणून फ्रेम फाटली, की फ्रेम फाटली म्हणून हे पडले? आणि फ्रेमच फाटली असेल, तर ती कुणी फाडली? रोज चादरीकडं बघून मी तेच विचारायचे. चादर काय सांगणार?

मग एक दिवस ह्यांच्या कपाटात बिल आणि वॉरंटीचं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलं होतं की फ्रेमला तडा गेला तर कंपनी फ्रेम मागवून तपासते आणि तडा कशानं गेला ते कळवते. मला नवी फ्रेम नको होती. मला ते उत्तर हवं होतं.

दावा मोबाईलवरून करायचा. पहिलाच प्रश्न, सायकल विकत घेणारे आपणच का. वॉरंटी म्हणे पहिल्या मालकालाच मिळते. मी 'होय' वर बोट ठेवलं. त्या क्षणापासून मी गौरीशंकर झाले. मेल यायच्या त्या ह्यांच्या नावानं. 'प्रिय गौरीशंकर, आपली सायकल आपल्याला लवकर परत मिळावी अशी आमची इच्छा आहे.' ते वाचून मी स्वयंपाकघरात खालीच बसले. आणि उत्तर लिहिलं ते ह्यांच्याच नावानं, ह्यांच्यासारखंच, शेवटी 'आभारी आहे' लिहून. तेवढ्यापुरते ते कुठंतरी बसून मेल लिहितायत असं वाटायचं. चांगलंही वाटायचं आणि भीतीही वाटायची.

चालवणाऱ्याला इजा झाली का, असाही प्रश्न होता. ती जागा मी कोरी सोडली.

सायकल याआधी कधी पडली होती का, हा खरा प्रश्न. 'नाही' लिहिलं असतं तर दाव्याला बरं होतं. मी खरं लिहिलं. लहान भावाकडून एकदा पडली, दिवाळीत, माळावर. आणि खाली विनंती केली, की फ्रेम द्या किंवा देऊ नका, पण तडा त्या पडण्यानं गेला का तेवढं मात्र नक्की सांगा.

बिलावर ह्यांनी आपल्या दुकानाचा नंबर दिला होता हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पुण्याहून त्यांच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीनं फोन केला, ज्ञानेश्वरी नाव तिचं. फोन अप्पांनी उचलला. मी आतून येईपर्यंत तिनं विचारलंही होतं, गौरीशंकर सर आहेत का? मी दारात होते, अप्पांची पाठ माझ्याकडं होती. ते म्हणाले, "भायेर गेलाय. आल्यावर सांगतो."

फोन ठेवला आणि हातात पाना घेऊन तसेच बसून राहिले. मला वाटलं आता चिडतील. मला म्हणाले, "लई दिसांनी कुणीतरी त्याला इचारलं." मी सगळं सांगून टाकलं. कशासाठी दावा करते तेही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी स्वतः चादर काढली. कंपनीला नुसती फ्रेम हवी होती. एकेक भाग सुटा केला, चाकं, साखळी, हँडल. बिनपायडलची सायकल म्हणून जिची एवढी थट्टा केली, तिचा नट न् नट तेल लावून डब्यात ठेवला. फ्रेम माझ्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळली. पुसली मात्र नाही. मी फडकं पुढं केलं तर म्हणाले, "खंडेनवमीची इभूत हाय त्याच्यावर. आपण पुसत न्हाय." तुम्हाला माहीतच आहे, आपल्या घरात हत्याराला लावलेली विभूती आपोआप झिजेपर्यंत ठेवायची. पाना असो, पंप असो, सायकल असो.

फ्रेम गेल्यावर घर आणखीच विचित्र झालं. आवाज थांबला, आणि थांबला म्हणून मला झोप येईना. अप्पा रोज विचारायचे, "आली का?" फ्रेमबद्दल विचारतायत हे कळत असूनही अंगावर काटा यायचा.

श्रावणात उत्तर आलं. फोटो होते आणि इंग्रजीत खुलासा होता. मी तो शब्दकोश घेऊन वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग ज्ञानेश्वरीला फोन करून तिच्याकडून मराठीत ऐकला. बोलता बोलता मी कोण आहे तेही तिला सांगून टाकलं. ती पोरगी हळहळली. मग म्हणाली, "ताई, आधीच सांगितलं असतं तर मी तसा फोन केला नसता." तिनं वरच्या साहेबांना विचारलं, आणि दावा माझ्या नावानं पुढं चालू ठेवला.

खुलासा असा. नळी जिथं मोटरला जोडली आहे तिथलं वेल्डिंग मुळातच कच्चं होतं. तडा केसासारखा बारीक सुरू झाला आणि रोजच्या वापरानं हळूहळू वाढत गेला. एका पडण्यानं गेलेला तडा असा नसतो. आणि एक गोष्ट त्यांना कळली नाही. तड्याच्या सगळ्यात जुन्या भागात, अगदी तळाशी, पांढरी भुकटी घट्ट बसलेली होती. पाण्यात कालवून भरल्यासारखी. ही कसली भुकटी, आपण तडा बुजवायचा प्रयत्न केला होता का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी फोटो मोठा करून अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, "ही तर इभूत."

आणि दोघांनाही एकदमच कळलं. कोरडी विभूती वरवर बसते, ओली असतानाच ती आत उतरते. आणि ओली विभूती आपण फक्त खंडेनवमीला लावतो. भावजी, खंडेनवमीला तुम्ही इथं नव्हताच. तुम्हाला सुट्टी मिळाली नव्हती. तुम्ही दिवाळीला आलात. तुम्ही त्या सायकलीला हात लावायच्या आधीपासून तो तडा तिथं होता.

अप्पा म्हणाले, "म्या लोखंड वळखतो. ही ॲल्युमिनची जात मला ठावं न्हाय. ठावं नसताना म्या बोललो." आणि उठून मोरीत गेले. हात धुण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

आता राहिलेलं सांगते. हे लिहायचं टाळत टाळतच इथवर आले. त्या दिवशी विभूती मी लावली होती. ह्यांनी सायकल धरली होती, मी तीन बोटांनी पट्टे ओढले. खालच्या नळीवर ओढताना मधल्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. मी म्हणाले, "इथं बघा, खरखर लागतंय." हे हसले. "वेल्डिंग तसंच असतं, मास्तरीणबाई." आणि मी पुढचा पट्टा ओढला. वरून विभूती बसली, तडा झाकला गेला, आणि आपल्या घरात ती कुणी पुसत नाही. मी स्वतःला दोष देत नाही. तसं अप्पांनी मला बजावलंय, आणि मलाही ते पटतं. पण ते बोट अजून माझ्याच हाताला आहे. भाकरी थापताना, कपडे धुताना ती खरखर मधूनच लागते. आता घूं आवाज येत नाही, ही खरखर येते. ही बहुतेक जन्मभर राहील. राहू दे, तिच्यासोबत ह्यांचं हसणंही ऐकू येतं.

पण तुमच्या हाताला काहीही लागलेलं नाही, भावजी. ते तुम्ही उगाच वाहताय.

गेल्या आठवड्यात खोकं आलं. मी कात्री घेऊन गेले तर अप्पांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्याला यिऊ दे, मग फोडू." मला वाटलं म्हाताऱ्याचं मन फिरलं, परत तेच, भायेर गेलाय. मी हळूच विचारलं, "कुणाला येऊ द्यायचं, अप्पा?"

म्हणाले, "उत्कर्षला. दुसरं कोण हाय मला?"

पत्र लिहीत असताना ते इथंच बसलेत. काय लिहिलंस म्हणून मघापासून विचारतायत. तुम्हाला दोन ओळी लिहा म्हणून कागद पुढं केला तर हात मागं घेतला. "बोलून घालवला, आता लिवून कसा बलवू?" म्हणाले. मग आत जाऊन तुमचा पाना घेऊन आले, तुम्ही शाळेत असताना ज्याच्या दांड्याला लाल टेप गुंडाळली होती तो. तो घासून पुसून खोक्यावर ठेवलाय. हेच त्यांचं पत्र समजा.

खंडेनवमी जवळ आली. तुम्ही या. फ्रेम तुम्ही जोडा, अप्पा शेजारी बसून चुका काढतील. विभूती मीच कालवीन. पण यंदा लावायच्या आधी सगळी फ्रेम स्वच्छ पुसायची आणि इंच न् इंच बोट फिरवून बघायचं, अशी नवी रीत मी घरात घालतेय. अप्पांनी हो म्हटलंय. माझ्या बोटावर आता माझा भरवसा नाही, मला सगळीकडंच खरखर लागते. म्हणून बोट तुमचं हवं.

रागानं मान खाली घातली होती, आता दाराकडं वर करून बसलेली,

तुमची वहिनी
शिवकांता