पार्थची क्रीडा नोंदवही

१५ एप्रिल २०२५, स. ६.१०
नातू पार्थ सात महिन्यांचा झाला. जन्मलाही सातव्या महिन्यातच, दीड महिना काचेच्या पेटीत होता. पण पीटी सर म्हणून शेवगावात ३१ वर्षं काढली, खेळाडू ओळखतो. दोन्ही मुठी कायम घट्ट, अंगठे आत. सोडवता सुटत नाहीत. काय ग्रिप! व्हिडिओ काढला.
संकल्प: गुरुवारी नगरला डॉक्टरबाईंकडे फॉलोअप. सूनबाई मोनिकाला शाळेची नोकरी, मुलगा रविराज पुण्यात. जबाबदारी माझी.

१७ एप्रिल
फॉलोअप राहिला. कबड्डी शिबिराचं उद्घाटन, पाहुणा मीच. पुढच्या गुरुवारी नक्की.

२२ मे, सायं.
काखेत धरून उभा केला. पाय ताठ, चवड्यांवर, एकमेकांत कात्रीसारखे. पक्का स्प्रिंटर. स्टेटसला टाकला, ४१ व्ह्यूज. आमची ही म्हणाली, "पोर लाकडागत कडक हाय. डॉक्टरला दावा." हिला खेळातलं काय कळतं?
फॉलोअप: ऊन फार.

३ जुलै
बसवला की मागे झोकून देतो. जिम्नॅस्टिक असावं. व्हिडिओ. मोनिकाने विचारलं, नाना, डॉक्टर काय म्हणाल्या? म्हणालो, प्रगती समाधानकारक. अगदीच खोटं नाही. भेटलो असतो तर हेच म्हणाल्या असत्या.

२१ ऑगस्ट
शेजारच्या सुकन्याचं पोर, पार्थएवढंच, रांगत आमच्या ओट्यावर आलं. मोनिका बघत राहिली. तिला समजावलं: पार्थच्या अकरा महिन्यांतून लवकर जन्मल्याचे अडीच वजा करायचे. तिचे डोळे भरले म्हणून आणखी एक वजा केला. ग्रेस मार्क देतोच आपण.

१८ सप्टेंबर, नगर
मोनिकाने रजा टाकून स्वतःच नेलं. मीही गेलो. आधीची एकही भेट कागदावर नाही, हे तिला तिथेच कळलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हा ताठरपणा कधीपासून? मी मोबाईल दिला. २६ व्हिडिओ, तारखांसह. सगळे पाहिले. म्हणाल्या, प्रत्येकात तेच दिसतंय, मेंदूला इजा आहे. एप्रिलमध्ये आणला असता तर व्यायाम तेव्हाच सुरू केले असते. चालेल का, आज सांगता येत नाही.
फाइल मिटताना म्हणाल्या, नोंदी मात्र व्यवस्थित ठेवल्यात.
मला फार लाज वाटली.

१९ सप्टेंबर, स. ७
मुठीतला अंगठा हळूच बाहेर काढायचा, दहा वेळा. मोनिका करते. मी शेजारी बसून मोजू लागलो. तिसऱ्याला तिने पार्थला उचलून आत नेलं.