जुन्या ग्राइंडरचं हँडल

आक्का,

धार लावायचा नवा ग्राइंडर पुढच्या सोप्यात ठेवलाय. तू म्हणालतीस, "हँडलचाच स्वस्त घे, फिरवायला मी हाय की." पण मी विजेचा घेतला. वापरलेला हाय, म्हणून परवडला. धारेच्या दगडी चाकावर टिचकी मारून बघितली, खणखणीत वाजलं, कुठं चीर न्हाय. आज खंडेनवमी, अवजारं चालवायची न्हाईत; उद्या दसऱ्याला चालू करू. वायरमनला जोडणीचं सांगायला शाहूपुरीत चाललोय.

पूजा मांडलीय. जुन्या ग्राइंडरचं हँडल काढून मधोमध ठेवलंय. त्याला हळदकुंकू तूच लाव. आठ वर्षं तू ते फिरवलंस, म्हणून माझं काम उभं राहिलं.

खांद्याचं तू बोलली न्हाईस. पण महिनाभर डाव्या हातानं भाकरी थापतीस, बघतोय की मी.

तुझा धाकटा,
गुंडू