हमीदभाईंचे टक्के

रवि. २ नोव्हें.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. गाड्या खपत नाहीत, वर्कशॉपचा मजुरीखर्च फार, एक मेकॅनिक कमी करायचा. त्याच्या जागी नवा माणूस निम्म्या पगारात मिळतो म्हणे. नाव सुपरवायझरने, म्हणजे मी, फॉर्मवर लिहून द्यायचं. मुदत १६ तारखेपर्यंत. "टेक युवर टाइम," म्हणाले. केवढी मेहेरबानी!
घरी मंजिरीला बोललो नाही.

मंगळ. ४
टक्क्यांची यादी आली. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक कामाचा वेळ ठरलेला. तेवढ्यात उरकलं की शंभर टक्के, जास्त लागला की टक्के घसरले. सगळ्यांत खाली हमीदभाई. रत्नागिरीचे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मी मस्कतला नवा आलो तेव्हा हाताला धरून काम शिकवलं ते यांनी. मेकॅनिकांत पगारही त्यांचाच जास्त. म्हणजे नाव छापूनच आलंय, सही तेवढी माझी.
दहाच्या चहाला नेहमीसारखी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली त्यांनी. नंतर खातो म्हणून मी ती कागदात गुंडाळून ठेवली.

गुरु. ६
सईच्या शाळेत वादविवाद आहे, अकरावी-बारावीचा. विषय: अमेरिकन सरकारने बुडत्या गाडी कंपन्यांना पैसे देऊन वाचवायला नको होतं. चिठ्ठीत हिला विषयाच्या बाजूने बोलायचं आलंय. "बाबा, ते वर्कर्सना टू मच पे करत होते, म्हणून कंपनी डुबली. दॅट्स माय मेन पॉइंट."
म्हटलं, अगं, त्यातल्याच एका कंपनीच्या गाड्या तुझा बाप दुरुस्त करतो. ती बुडाली असती तर आपण कुठले इथे मस्कतच्या घुब्र्यात?
"दॅट्स इमोशनल, बाबा."
असेल. पण तेव्हा सगळं वर्कशॉप हात पुसत शोरूमच्या टीव्हीपुढे उभं राहायचं, ते आठवलं. कुठल्या तरी अमेरिकन माणसाच्या करातून माझी नोकरी टिकली. त्याला याचा पत्ताही नसेल.

शुक्र. ७
सुट्टी. सई सकाळपासून लॅपटॉपवर. जेवताना म्हणाली, तासाच्या मजुरीचा जो मोठा आकडा तेव्हा सगळे सांगत होते, त्यात रिटायर्ड कामगारांचं पेन्शन, औषधपाणी, सगळं धरलं होतं. आणि भागलं काय, तर कामावर असलेल्यांच्या तासांनी. "सो ते लोक जास्त एक्स्पेन्सिव्ह दिसले. होते त्याच्यापेक्षा."
आमटी-भात तसाच राहिला माझा. हमीदभाईंच्या टक्क्यांत काय काय धरलंय, हे कुणी बघितलंय?

सोम. १०
दुपारभर वर्षाची जॉब-कार्डं काढून बसलो. दुसऱ्या गॅरेजने वाट लावलेली वायरिंग – हमीदभाई. वादीच्या, म्हणजे इथल्या एरवी कोरड्या नदीच्या, पुरात बुडालेली गाडी – हमीदभाई. तीनदा परत आलेली, कुणाला न सापडलेली तक्रार – ह.भाई, ह.भाई, ह.भाई. पुस्तकात अर्धा तास, प्रत्यक्षात दिवस खाणारी कामं सगळी. ऑइल, ब्रेक-पॅड बाकीच्यांना, पटापट शंभर टक्के. आणि प्रत्येक कार्डावर नाव घालणारं अक्षर माझं. अवघड काम चांगल्या हातात जावं, एवढाच विचार होता. त्यांचा मान राखतोय असं समजत होतो आणि त्यांचे टक्के मीच खाली आणत होतो.
लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

बुध. १२
कार्डं घेऊन साहेबांकडे गेलो, सईने सांगितलेल्या अमेरिकेतल्या आकड्याचा दाखलाही दिला. कार्डं बघितली त्यांनी, नाही म्हणणार नाही. "मान गया. तो दूसरा नाम दो." मग म्हणाले, "सुपरवायझरचे किती तास आपण गिऱ्हाईकाच्या बिलात लावतो, सांग." एकही नाही. साहेबांनाही ठाऊक, मलाही: दुसरं नाव मिळालं नाही तर कमी करायला सगळ्यांत सोपा मीच. उठताना म्हणाले, "वो अमेरिका था. हमारे लिए कोई गवर्नमेंट नहीं आएगी."
संध्याकाळी मंजिरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सईची बारावी होऊ दे. मग काय तुझं शौर्य गाजवायचं ते गाजव." चिडलो. पण बोलली त्यात खोटं काय? माझी नोकरी गेली की तिघांचाही व्हिसा गेला.

गुरु. १३
सई पहिली आली! कप घेऊन नाचत घरात शिरली.
"तो आकडा सांगितलास?"
"हो."
"आणि त्यात काय काय धरलंय ते?"
"कोणी विचारलंच नाही, बाबा."
शाबास म्हटलं. मला तरी कोण विचारणार आहे?

शुक्र. १४
नमाजानंतर हमीदभाईंच्या खोलीवर गेलो. नाव, फॉर्म, कार्डं, सगळं सांगून टाकलं. तुमचे टक्के मी घालवले, म्हटलं. वाटलं, शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.
"अरे, मना म्हायत हाय. गेली किती वर्सां. सोपी कामं दिली असतीस तर कंटालून कवाच गावी गेलो असतो." धाकट्या मुलीचं लग्न ठरतंय त्यांच्या. मग बाहेर बघत म्हणाले, "पन हां सगला कागदावर लिवशील काय?"
हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. चहा घेऊन निघालो.

शनि. १५
सकाळी फॉर्म काढला. नावाची जागा कोरी सोडली आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: हमीदभाईंचे टक्के कमी दिसतात ते माझ्या काम वाटण्यामुळे, त्यांच्या कामामुळे नव्हे. दुसरं कुणाचं नावही मी देऊ शकत नाही, कारण
इथे थांबलो. कारण काय ते माहीत आहे, सगळ्यांचेच टक्के माझ्या वाटपाने ठरले; पण ते लिहिलं की माझंच नाव लिहिल्यासारखं होतं.
मंजिरी धुणं वाळत घालून आली. फॉर्म उचलला, उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. टेबलावरचं पेन उचललं. मला वाटलं, खोडते आता.
खोडलं नाही. पेन मात्र परत दिलं नाही तिने, आणि ‘कारण’च्या पुढचं लिहायला मीही ते मागितलं नाही.