कापसावरची हॉकी

आपल्या घरून, देवळीजवळ
गुरुवार, दि. १९ नोव्हेंबर १९८१

माझा धाकटा भाऊ चंद्रभान यास थोरल्या तानबाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. म्हणजे गाय व्याली, गोऱ्हा झाला. कापसाची पहिली वेचणी घरात आली. माझा उजवा घोटा सुजून कवठाएवढा झाला आहे, आणि तुझी वहिनी माझ्याशी आज अकरा दिवस बोलत नाही. या दोन्हींची कारणं पुढे लिहितो. आधी आनंदाचं.

आपल्या ओमप्रकाशची जयवंता, माझी नात, आता चौदाची झाली आणि शाळेत हॉकी खेळते. तुझंच रक्त, दुसरं काय! पण दसऱ्याच्या आधी तिच्या सरांनी सांगितलं की हात सोन्याचे आहेत, पाय मात्र भरल्या पोत्यासारखे. महिन्या-दीड महिन्यात पाय हलके झाले तरच नागपूरच्या निवडीला नाव जाईल. शाळा सुटली की लगेच एस.टी., मैदानावर थांबायची सोय नाही. म्हणून त्यांनी एक कागद लिहून दिला की घरीच करा. गुडघे वाकवून बारीक पावलं, आडवी पावलं, मागं-पुढं उड्या, अन् ओळीनं वस्तू ठेवून त्यांच्यामधून नागमोडी पळणं.

घरात वाचणारा मोठा माणूस मीच. अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, हे तुला माहीत आहे. पण कागद वाचला आणि वस्ताद झालो.

आता ओळीनं ठेवायला वस्तू कोणत्या? घरातली टमरेलं मांडली. पाच भरली. तीन शेजारच्या बाबारावाच्या घरून आणली. पहाटे पोरगी त्यांच्यामधून अशी पळे की पाहत राहावं. पण ती वेळ गावाची शेताकडे जायची. बाबाराव कुंपणापाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा. म्हणतो, "तानबा, हा सामना कवा संपते? आमाले काम हाय!"

मी म्हटलं, "पाह्य, तुह्येबी पाय चांगले चालून राह्यले."

मग कापूस आला. दरवर्षी खोलीत कापूस तुडवायला आपण दोन माणसं लावतो. यंदा मी जयवंतालाच चढवलं. सुट्या कापसावर उभं राहिलं की मांडीपर्यंत पाय जातो. थांबली की रुतली. त्यात तिनं कागदातली सगळी पावलं केली, सकाळ-संध्याकाळ, खाली मी मोजायला. पहिल्या दिवशी रडली. आठव्या दिवशी खोलीत दीडपट कापूस मावला आणि पोरगी अंगणात उतरली तर जमिनीला पाय टेकेना! चंद्रभान, पाखरू रे, पाखरू. सर म्हणाले, हे कुठं शिकली? ती म्हणाली, "कापसात." त्यांना वाटलं थट्टा करते. पण नाव पाठवलं.

आता घोट्याचं. आडवं पाऊल कसं टाकायचं ते मी स्वतः करून दाखवलं. दोन पावलं बरोबर पडली. तिसरं टमरेलात. गावात सांगितलं की गोऱ्ह्यानं लाथ मारली. बाबाराव मुद्दाम गोऱ्हा पाहायला आला. पाच दिवसांचं पिल्लू, आपल्याच पायावर धड उभं राहत नव्हतं. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या वाटेनं गेला.

ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर आळ ढकलायची माझी खोड जुनी आहे. आज तेच लिहायला बसलो होतो, आणि टमरेलांपर्यंत जाऊन आलो.

घरी सरावाला काठी नव्हती. शाळेची शाळेतच राहते. जयवंता काहीतरी वाकडं लाकूड शोधत गोठ्यात गेली आणि तण काढायच्या डवऱ्याच्या दांड्यावरची, रुमण्यावरची चिंधी सोडली. तिथूनच ओरडली, "आजी, हे पाह्य! आबाजीच्या डवऱ्याले हॉकी लागली हाय!"

होय रे. तुझीच.

एकोणीस वर्षांपूर्वी तू बदलीवर गेलास तेव्हा काठी कोपऱ्यात ठेवून गेलास. आषाढात ऐन डवरणीत रुमणं मोडलं. सुतार लेकीच्या गावी गेलेला, वर आभाळ भरून आलेलं. मी काठीची मूठ चार बोटं कापली, उलटी करून बसवली. वाकडं टोक हातात असं बसलं, जसं त्यासाठीच केलं होतं. वाटलं, सुतार आला की काढू. मग काढलीच नाही. दरसाल नवी चिंधी गुंडाळत गेलो आणि डवरा कोणाला उसना दिला नाही.

त्याच वर्षी दिवाळीला तू येऊन काठी मागितलीस तेव्हा जीभ फिरली. म्हटलं, "तुह्या वहिनीनं चुलीत घातली असंन." तू पिशवी उचललीस आणि जेवल्याशिवाय गेलास. तेव्हापासून लग्नात भेटतोस, पण तिच्या हातचं ताट घेत नाहीस. आणि ती माउली काय चुकलं म्हणून झुरते.

जयवंताला काठी सापडली त्याच दिवशी तिला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजीनं मले काऊन सोडलं, हे मी देवाले पुसत होती. तुमाले पुसाचं होतं." आता मी हातभर अंतरावर असतो आणि ती म्हणते, "जयवंता, तुह्या आबाजीले सांग, भाकर घ्या म्हनाव."

पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. घोटा सुजला म्हणून हात चालत नव्हता, असं कोणी विचारलं तर सांगणार होतो.

निवड २८ तारखेला, शनिवारी. मुलीबरोबर घरचं एक माणूस पाहिजे. ओमप्रकाश कापसाची बैलबंडी घेऊन खरेदी केंद्रावरच्या रांगेत अडकला आहे आणि माझा पाय तू वाचलासच. पण पाय बरा असता तरी तुलाच बोलावलं असतं. हॉकीतलं मला टमरेलापुढचं कळत नाही.

या रविवारी ये. पुलगावहून सकाळच्या एस.टी.नं. तुझी वहिनी बेसनाची पाटोडी करणार आहे. हे तिनं मला सांगितलं नाही, गाईला सांगत होती, मी ऐकलं.

डवऱ्याला बाभळीचं नवं रुमणं बसवलं. काठी धुऊन तेल लावून ठेवली आहे. चार बोटं कमी झाली, ती जयवंताच्या उंचीला बरोबर बसते. वाकडं टोक माझ्या हातानं झिजून गुळगुळीत झालंय. तू हातात घेशील तेव्हा तुला कळेलच. तिला द्यायची की नाही, ते तू ठरव. ती मागत नाही, रोज नुसती पुसून ठेवते.

माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मला सवय झाली आहे. पण आधी वहिनीच्या पुढ्यात जेवायला बस.

तुझी काठी कापणारा, आणि तुझ्या वहिनीचं नाव खराब करणारा,
तुझाच दादा,
तानबा