नव्या सळया येईपर्यंत थांब

दादा,
आईच्या खोलीच्या खांबांत आज काँक्रीट ओतू नकोस. गवंडीकाका आले तर चहा देऊन थांबवून ठेव. तू भंगारातून आणलेली एक सळई मी सकाळी वाकवून पाहिली, तर काडीसारखी तुटली. भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी दादांना बजावलं होतं. कुंपणाला चालतील, खांबांना नकोत."

म्हणजे तुला माहीत होतं.

मी टेम्पो घेऊन नव्या सळया आणायला चालले आहे. काय भांडायचं ते आल्यावर भांडू. आईला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नकोस. माझ्या लेकानं माझ्यासाठी खोली काढलीय, असं ती येईल-जाईल त्याला सांगत बसली आहे.

छोटी