दोन डब्यांचे लाडू आणि बिननावाची पोरगी

सिडको, नाशिक
रविवार, सकाळ

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकटा भाऊ कारभारी याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? गाय कशी आहे? पुंजाची द्राक्षाची छाटणी उरकली का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. हे पत्र चष्मा लावून तू स्वतः वाच, पुंजाला वाचायला देऊ नकोस (तुझा मुलगा असला तरी मी त्याचा मामा आहे, माझी थोडी पत राहू दे). मोबाइल खिशात असताना पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. पण अक्का, नऊ दिवस झाले, तू माझा फोन घेत नाहीस. चार वेळा पुंजाने सांगितलं, आई मळ्यात गेली. पाचव्या वेळी तर तूच उचललास आणि आवाज घोगरा करून म्हणालीस, "चतुराबाई घरी नाय. लय लांब गेल्यात." बासष्ट वर्षं ऐकतोय मी तो आवाज. तरी मी मुकाट्याने "बरं बाई" म्हणून फोन ठेवला, कारण तुझा राग खोटा नव्हता.

तर पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी बाजू तुला कळेल (बाजू आहे असं धरून चालू). आमच्या संतोषची पोरगी, माझी नात, दीड महिन्याची झाली आणि रडायला लागली. साधंसुधं रडणं नव्हे. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन, दूध पिता पिता अंग ताठ करून. गालांवर खरखरीत पुरळ. तुझ्या भावजयीने, म्हणजे यशोदेने, मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेजारच्या लंकाबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या, तव्यावर गरम करून पोट शेकलं, आणि जाता जाता शेळीचं दूध सुरू करा म्हणाल्या. मी म्हणालो, गॅस आहे (मी सगळ्यालाच गॅस म्हणतो, तुला माहीत आहे). बारसं पुढे ढकललं. मग एका सकाळी सूनबाईला, वेदिकाला, लंगोटात रक्ताची बारीक रेघ दिसली आणि आमची सगळ्यांची अक्कल तिथे संपली. अक्का, पोरीला उचलून आम्ही दवाखाना गाठला. मुठीएवढं पोट त्या जिवाचं.

डॉक्टरीणबाई वयाने वेदिकाएवढीच. तिने पोरीला तपासलं, वजन केलं आणि मग पोरीला सोडून आईलाच विचारत बसली, काय खाता, काय पिता. बाळंतीण म्हणून यशोदेने सुनेला दोन्ही वेळा पेलाभर दूध, खीर, वर तुपाची धार, असं मायेने चालवलं होतं. बाई म्हणाल्या, गाईच्या दुधाची अॅलर्जी असू शकते, आईच्या खाण्यातून ते अंगावरच्या दुधात उतरतं. मी घाईने सांगितलं की आमची गाय घरची आहे, दिंडोरीला थोरल्या बहिणीकडे असते, चारापाणी चोख. त्या म्हणाल्या, काका, गाय कोणाचीही असली तरी दूध गाईचंच. मी मशिनीवरची तपासणी मागितली, शिक्का मारलेला रिपोर्ट. त्या म्हणाल्या, या प्रकारात रक्ताच्या तपासणीतून नक्की काही कळत नाही. आईने दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचे, अंगावर मात्र पाजत राहायचं. उतार पडला तर पुढे पुन्हा थोडं दूध खाऊन बघायचं. त्रास परत आला, म्हणजे खात्री. हे ऐकून मला कोण आनंद झाला! अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय? एक पार्ट काढायचा, मशीन चालवून बघायची, पार्ट परत बसवायचा. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की घरचं इन्स्पेक्शन माझ्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून वही घातली. वेदिकाने काय खाल्लं, पोरगी किती वेळ रडली, लंगोट कधी बदलला. रंग नुसता 'पिवळा' लिहिलेला मला चालत नाही, म्हणून कारखान्यातलं जुनं रंगांचं शेडकार्ड काढलं आणि प्रत्येक लंगोटाशेजारी धरून नंबर टाकला (यशोदा महिनाभर त्या कार्डाकडे बघून जेवत नव्हती). बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं, त्यात दुधाची पावडर निघाली. पावात निघाली. वेदिका बिचारी कोरा चहा, भाकरी, भाजी आणि डाळीवर राहिली. एकदाही कुरकुरली नाही, फक्त संतोष ताक प्यायला की पाठ फिरवून बसायची. आणि अक्का, बाराव्या दिवशी पोरगी सलग तीन तास झोपली! उठली आणि हसली. पहिल्यांदा पंख्याकडे बघून, दुसऱ्यांदा माझ्याकडे. मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

वेदिका मात्र वाळत चालली होती. म्हणून मीच तुला फोन केला, की दूध, तूप काही न घालता बाळंतिणीचे लाडू होतील का. तू एका शब्दाने विचारलं नाहीस, चौथ्या दिवशी पुंजाला मोटरसायकलवर धाडलंस. दोन डबे. लाल फडक्याचा वेदिकाचा, घाण्याच्या तेलात डिंक तळून, गूळ, खारीक, खोबरं. पांढऱ्या फडक्याचा माझा, त्यात तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाला राहते ती बेरी. लहानपणी त्या बेरीवरून मी तुझ्या वेण्या ओढायचो, हे तू विसरली नाहीस. डबे आल्याबरोबर मी ते रीतसर तपासून घेतले, आणि रोज सकाळी सुनेला एक लाडू माझ्या हाताने दिला. आत्यांच्या हाताला काय चव आहे, म्हणायची ती, काही काही लाडू तर फारच खमंग.

पाचव्या दिवशी पोरगी पुन्हा किंचाळायला लागली. सहाव्या दिवशी पुन्हा ती रेघ. वेदिका रडत म्हणाली, माझं दूधच हिला बाधतंय, आता पाजणंच बंद करते. तिचा तो चेहरा बघवेना. मी वही उघडली. नवीन वस्तू एकच, तुझे लाडू. मग मी तुला फोन करून जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तुला तुपाशिवाय राहवत नाही, तू हट्टाने घातलंस, पोरीच्या जिवाशी खेळलीस, असं मी बोललो. तू फक्त एवढंच म्हणालीस, "नाय रे कारभारी, थेंब नाय घातला." आणि मी तुझं बोलणं पुरतं होऊ न देता फोन आपटला.

लाडू बंद केले. आज पोरीला उतार आहे, रेघ नाही, गालही मऊ झालेत. डॉक्टरीणबाईंनी अंगावरचं दूध चालूच ठेवायला सांगितलं आहे, वेदिका पुन्हा जेवायला लागली आहे. बाकी क्षेम. भाचेसुनेला आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरव.

तुझा भाऊ,
कारभारी

ता. क. १ : वर 'रीतसर तपासून घेतले' असं लिहिलं आहे, त्याचा खुलासा. दोन्ही डबे मी एका परातीत ओतले आणि व्हर्नियर कॅलिपर लावून एकेक लाडू मोजला. सुनेला वेडावाकडा लाडू कशाला, म्हणून गोल गरगरीत तेवढे लाल फडक्यात भरले आणि चेपलेले, भेगाळलेले माझ्यासाठी ठेवले. परवा पहिल्यांदाच माझ्या डब्यातला एक फुटका लाडू तोंडात टाकला. बेरी नाही, घाण्याचं तेल. म्हणजे माझे बेरीचे गोल लाडू सुनेच्या डब्यात गेले होते. अक्का, तू थेंब घातला नव्हतास. मीच घातला, माझ्या हाताने, रोज सकाळी. माझं चुकलं. पाय धरतो.

ता. क. २ : डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, परत देऊन बघायची पायरी माझ्या देखरेखीखाली करायची होती, ती तुम्ही परस्पर उरकलीत. निदान आता खात्री झाली, अॅलर्जीच आहे. बहुतेक मुलांची मोठं होता होता जाते. यशोदेने कॅलिपर कपाटात बंद करून किल्ली कमरेला लावली आहे.

ता. क. ३ : बारसं येत्या रविवारी. संतोषला बहीण नाही. त्याचं नाव आत्या म्हणून तूच त्याच्या कानात सांगितलंस, तसं त्याच्या लेकीचंही तूच सांगायचं. दवाखान्याच्या फाइलवर अजून 'वेदिकाचे बाळ' लिहिलं आहे आणि तू येईपर्यंत तसंच राहील, असं वेदिकाने सगळ्यांना बजावलं आहे. तेलाचे लाडूही आण. वेडेवाकडे आण.

ता. क. ४ : शनिवारी सकाळी मी फोन करीन. "चतुराबाई घरी नाय" असं कोणी घोगऱ्या आवाजात सांगितलं, तरी मी दिंडोरीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभा राहीन.