गोळीचा दहावा भाग

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे मात्र कुरकुरताहेत. तुझ्या चिमणीने काढलेलं चित्र तिने फ्रिजवर लावलंय. त्यात तू भलतीच लठ्ठ आहेस.

आमच्या दवाखान्याच्या औषधकक्षात नवा तराजू आलाय. इतका नाजूक, की जवळ शिंकलं तरी आकडा पळतो. मग मला कुठला धीर! मोठ्यांच्या एका गोळीचे चार तुकडे केले आणि तोलले. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या त्या तुकड्यांतला एकही तराजूवर दुसऱ्यासारखा निघाला नाही.

मग दुसरी गोळी खलात कुटून दहा मिली पाण्यात घातली. बाटली न हलवता वरून एकेक मिली काढत दहा सिरिंजा भरल्या, दहा काचेच्या बशांत रिकाम्या केल्या आणि हीटरपाशी वाळवल्या. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, भातुकली मांडलीस की काय. पहिल्या बशीत नुसता डाग होता. शेवटच्या बशीत चार बशांइतकी पूड. पुन्हा तेच केलं, पण दर वेळी बाटली हलवून, तर दहाही जवळजवळ सारख्या. ही गोळी पाण्यात विरघळतच नाही गं, तळाशी जाऊन बसते.

मी कुठे चाललेय ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तीन वर्षांपूर्वी चिमणीच्या आकडीसाठी मी अशीच बाटली करून दिली होती. सकाळ-संध्याकाळ एक मिली, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, आकडी थांबत नाही म्हणून. मी म्हटलं, जरा दम धर. पाचव्या दिवशी सकाळचं औषध घेऊन ती झोपली, ती उठेना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ताईला सिरिंजच्या रेघा कळल्या नसतील."

तेव्हापासून औषध भाऊजी देतात आणि तू दाराशी उभी राहून बघतेस. मी पाहिलंय ते.

तराजूने मला नवं काही सांगितलेलं नाही, ताई. त्याच दिवशी तुझ्या पिशवीतली बाटली मी गुपचूप काढून घेतली होती. हिशेबाने उरायला हवी तशी एकच मात्रा उरली होती, चुन्यासारखी पांढरी. लेबलवर माझ्याच अक्षरात सगळं होतं, फक्त 'हलवून' हा शब्द नव्हता. नोकरी जाईल म्हणून मी घाबरले. बाटली विसळून टाकली. पुढच्या प्रत्येक बाटलीवर तो शब्द ठळक लिहीत आले, म्हणून भाऊजींची मात्रा कधी चुकली नाही.

लेबल मात्र टाकवलं नाही. सोबत पाठवतेय. मला फार लाज वाटते.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. आणि त्या संध्याकाळचं औषध तू दे. तुझं माप तेव्हाही बरोबर होतं.

तुझ्याबद्दल खोटं बोललेली,
तुझी धाकटी